शेवटचं कधी पाजलं?

रात्रीचे पावणेदहा झाले होते. फोन वाजला.

"जय भीम ताई. झोपलाव का?"

आवाज ओळखीचा होता. वाशी तालुक्यातल्या एका गावची बाई, वय तेवीस. नवरा-बायको दोघंही ऊसतोडीला जाणारी. सात महिन्यांचा मुलगा, त्याच्या उजव्या जांघेत गाठ यायची. दुसऱ्या दिवशी सकाळी सोलापूरला त्याचं ऑपरेशन होतं. एवढ्या लांबून पहाटे निघून पोचणं जमणार नाही म्हणून ती आदल्या दिवशीच येऊन नवऱ्याच्या आत्याकडे उतरली होती.

"ताई, बारानंतर काय पाजू नका म्हनलेत. हे तर दर दोन तासाला उठतंय. सकाळपतुर कसं धरू मी ह्याला?"

मी विचारलं, "ऑपरेशन किती वाजता आहे?"

"माहीत न्हाई."

"यादीत कितवा नंबर आहे?"

"माहीत न्हाई ताई. इचारलं न्हाई. त्या सिस्टर लई घाईत होत्या."

मी स्वतः अठरा वर्षं अशीच घाईत असलेली सिस्टर होते. म्हणून हा लेख.

आधी त्या गाठीविषयी सांगते, कारण अर्धी भीती तिथूनच सुरू होते. मुलगा आईच्या पोटात असताना त्याच्या वृषणाच्या गोळ्या पोटाच्या आत, मूत्रपिंडाजवळ तयार होतात. सातव्या महिन्याच्या सुमारास त्या जांघेतल्या वाटेने खाली पिशवीत उतरतात. उतरताना पोटाच्या आतल्या अस्तराची एक पातळ पिशवी सोबत ओढली जाते. काम झालं की ही वाट मिटायला हवी. काही बाळांत ती उघडीच राहते. मग बाळ रडलं, कुंथलं की आतड्याचा तुकडा त्या वाटेने बाहेर डोकावतो आणि जांघेत लिंबाएवढी गाठ दिसते. बाळ झोपलं की गाठ गायब. डॉक्टर याला हर्निया म्हणतात, जुन्या मराठीत अंतर्गळ, आणि आपल्या वस्तीत "आतडं उतरलं". मुलांत हा जास्त होतो, उजव्या बाजूला जास्त होतो, आणि दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळांत तर फारच जास्त. मुलींनाही होतो. त्यांच्या गाठीत कधी कधी बीजकोश उतरलेला असतो.

बेंबीचा हर्निया वेगळा. तो बहुतेक वेळा चार-पाच वर्षांचं होईपर्यंत आपोआप मिटतो, त्यावर नाणं बांधून काही होत नाही, उलट खालची कातडी ओली राहून सडते. जांघेतला मात्र मिटत नाही. औषधाने नाही, पट्ट्याने नाही, अंगाऱ्याने तर नाहीच. या बाळाच्या पोटावर बिब्ब्याचे तीन डाग होते. कुणी घातले ते मी विचारलं नाही, कारण विचारलं की बाया घरातल्या म्हातारीला वाचवण्यासाठी खोटं बोलतात आणि बोलणं तिथेच संपतं. गाठ खरी कळली ती अंगणवाडीत. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते. त्या पथकातल्या डॉक्टरांनी बाळाचं लंगोट सोडून पाहिलं आणि चिठ्ठी दिली. तुमच्या अंगणवाडीत ही गाडी कधी येणार ते सेविकेला विचारून ठेवा आणि त्या दिवशी लेकरू घेऊन जा. खुरपायला गेलात तर सासूबरोबर पाठवा, पण पाठवा.

चिठ्ठी मिळाल्यावर "मोठं झाल्यावर बघू" असं म्हणू नका. ही गाठ अडकू शकते आणि अडकण्याचा धोका पहिल्या वर्षातच सगळ्यात जास्त असतो. गाठ घट्ट झाली, आत जाईना, लाल झाली, बाळ थांबायचं नाव न घेता रडतंय, उलट्या करतंय, पोट फुगलंय, तर सकाळची वाट पाहायची नाही. १०८ ला फोन करून त्याच तासाला निघायचं. आतड्याचा रक्तपुरवठा तुटला की अर्ध्या तासाचं साधं ऑपरेशन मोठं होऊन बसतं.

आता पुन्हा "बारानंतर काही नाही" या वाक्याकडे येते.

२००३ साली मी नोकरीत नवीन होते. रात्रपाळीला वॉर्डात फेरी मारताना प्रत्येक खाटेपाशी हेच वाक्य म्हणायचे. साठीच्या म्हाताऱ्याला तेच आणि आठ महिन्यांच्या बाळाला तेच. एकदा असं एक बाळ सकाळी नऊला जायचं होतं. मध्येच तातडीचं सिझेरियन आलं, त्यानंतर आणखी एक पेशंट, आणि बाळाची पाळी दुपारी दीडवर गेली. अकराच्या सुमारास त्याची आई माझ्या टेबलापाशी आली. हळूच म्हणाली, "बाई, दोन घोट पाजू का?" मी सगळ्या वॉर्डासमोर मोठ्याने म्हणाले, "पोरगं मारायचंय का तुला?" ती परत गेली आणि बाळाला छातीशी धरून भिंतीकडे तोंड करून बसली. दीड वाजेपर्यंत तशीच. ते बाळ साडेतेरा तास उपाशी होतं. मला ते तेव्हा मोजावंसंही वाटलं नाही.

दोन दिवसांनी दुसऱ्या एका बाळाला भूल देताना दूध उलटून आलं. भूलतज्ज्ञ सावध होते. त्यांनी बाळाला कुशीवर केलं, नळीने घसा साफ केला, ऑपरेशन थांबवलं. बाळ दोन दिवस ऑक्सिजनवर राहिलं आणि वाचलं. आईने सकाळी चोरून पाजलं होतं आणि दाराशी विचारल्यावर "न्हाई पाजलं" म्हणून सांगितलं होतं. त्या वेळी मला तिचा फार राग आला. पुष्कळ दिवसांनी लक्षात आलं की ही बाई त्या पहिल्या बाईच्या शेजारच्याच खाटेवर होती. तिने माझं ओरडणं ऐकलं होतं.

हे मी कुणाला सांगत नव्हते. आता सांगते, कारण दवाखान्यात आपल्या बाया गप्प का बसतात याचं उत्तर अडाणीपणात शोधायची सगळ्यांना सवय आहे. आडनाव विचारलं गेलं की आवाज आधीच बारीक होतो. त्यावर एकदा चारचौघांत बोलणी खाल्ली की पुढचं खरं बाहेर येत नाही. आणि भुलेच्या टेबलावर लेकराचा जीव त्या खऱ्यावर अवलंबून असतो.

उपाशी का ठेवतात ते समजून घ्या. भूल दिली की घशाची राखण करणारी यंत्रणा झोपते. एरवी काही उलटून आलं तर आपण ठसकतो, खोकतो. भुलेत ते होत नाही. पोटातलं दूध वर आलं तर ते सरळ फुप्फुसात उतरू शकतं. म्हणून पोट रिकामं हवं. पण कोणती गोष्ट पोटातून किती वेळात पुढे सरकते ते सारखं नसतं. आईचं दूध चार तास. गाई-म्हशीचं दूध, डब्याची पावडर, बिस्कीट, पेज, खिमट यांना सहा तास. साधं पाणी दोन तास. म्हणजे सकाळी नऊच्या ऑपरेशनसाठी अंगावरच्या बाळाला बारापासून उपाशी ठेवायची गरज नसते, पहाटे पाचपर्यंत पाजता येतं. जगभरचे भूलतज्ज्ञ कितीतरी वर्षांपासून हेच धरून चालतात, आणि काही ठिकाणी तर आता याहून थोडी सूटही देतात. एवढंसं बाळ दहा-बारा तास उपाशी राहिलं तर रक्तातली साखर उतरते, अंगातलं पाणी कमी होतं, सलाईनसाठी शीर सापडत नाही. वर ते रडून रडून भरपूर हवा गिळतं ते वेगळंच.

हे तास पाठ करा, पण तुमच्या बाळाची वेळ तुम्ही घरी ठरवू नका. ती भूलतज्ज्ञाने सांगायची. तुम्ही विचारायचं: ऑपरेशन किती वाजता, यादीत कितवा नंबर, अंगावरचं दूध शेवटचं किती वाजता, पाणी किती वाजता. चार प्रश्न, चार आकडे. फाईलवर लिहून घ्या. पाळी पुढे गेली तर पुन्हा विचारा, "आता पाजू का?" यात उद्धटपणा काही नाही. बाळांना यादीत पहिलं घ्यायचा रिवाज आहे, तोही विचारायला हरकत नाही.

त्या रात्री मी वॉर्डात फोन लावला. तिसऱ्या खेपेला उचलला गेला. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी भूलतज्ज्ञांना विचारून सांगितलं: पहिला नंबर, साडेआठ. चारपर्यंत अंगावर पाजू द्या, सहापर्यंत दोन-चार चमचे साधं पाणी चालेल. एवढंच. तीन मिनिटांचं काम होतं. मी तिला कळवलं, साडेतीनचा गजर लावायला सांगितला आणि बजावलं, "आत्याला सांग, घुटी नाही, मध नाही, चहात बुडवलेलं बिस्कीट नाही."

सकाळी पहिल्या एसटीने मी धाराशिवहून निघाले. साडेसातला दवाखान्याच्या फाटकाशी ती दिसली. एका हाताने बाळ छातीशी धरलेलं, दुसऱ्या हातात फाईल आणि कापडी पिशवी. नवरा केसपेपरच्या रांगेत. माझ्याकडे बघून ती हसली नाही.

"ताई, एक सांगू? चारला पाजलं. पन साडेपाचला परत उठलं. लई रडायलं. शेजारचे भिताडावर मारायले. मी परत घेतलं त्याला." मग आवाज आणखी खाली आला. "सांगू का? न्हाई सांगितलं तर?"

इथे थांबून तिच्या बाजूचा हिशेब सांगायला हवा. तिने आणि तिच्या नवऱ्याने मुकादमाकडून उचल घेतलेली होती. अशोक विजयादशमी झाली की आठवड्याभरात टोळी निघणार होती. तिकडे गेल्यावर एक दिवस जरी कामावर नाही गेलं तर खाडा लागतो, म्हणजे मजुरी तर जातेच, वर पैसे कापले जातात. सहा महिने उसाच्या फडाशेजारी कोपीत राहायचं. तिथे रात्री गाठ अडकली तर गाडी कुठून आणायची? आणि आज ऑपरेशन पुढे ढकललं तर पुढची तारीख टोळी गेल्यावरची. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बाबासाहेबांनी कामकरी बायांना बाळंतपणाच्या काळात पगारासह सुट्टी मिळावी या बिलाच्या बाजूने भाषण केलं होतं. त्याला शंभर वर्षं व्हायला आली. कोयता हातात घेणाऱ्या बाईला आजही बाळंतपणाला पगारी सुट्टी नाही, लेकराच्या ऑपरेशनला तर सोडाच.

हे सगळं तिच्या डोळ्यांत होतं आणि मला ते दिसत होतं. मीही क्षणभर काही बोलले नाही. हे कबूल करते. मग म्हणाले, "सांगायचं. मी बाजूला उभी राहते, पण सांगायचं तू."

ऑपरेशन थिएटरच्या दाराशी भूलतज्ज्ञ आल्या. तरुण मुलगी, तिशीचीही नसेल. तिने नेहमीचा प्रश्न विचारला, "शेवटचं कधी पाजलं?"

"साडेपाचला. अंगावरचं. चार वाजता पन, आन परत साडेपाचला."

डॉक्टरने घड्याळ पाहिलं. "बरं झालं सांगितलंत. मग साडेआठला नको, दहाला घेऊ." आणि आत वळून म्हणाली, "दुसऱ्या बाळाला आधी घ्या."

बस. रद्द झालं नाही, तारीख गेली नाही, कुणी ओरडलं नाही. दीड तास पुढे गेलं. ती माझ्याकडे बघत राहिली. तिला वाटत होतं की अजून कुणीतरी येऊन बोलेल.

त्या दीड तासात कागद झाले. संमतीपत्र नवऱ्याच्या पुढे सरकवलं होतं. मी म्हटलं, आईलाही वाचून दाखवा, सही तीही करू शकते. त्यावर ऑपरेशनचं नाव आणि बाजू लिहिलेली असते. बाजू नीट बघा. गाठ झोपलेल्या बाळाला दिसत नाही, म्हणून उजवी की डावी हे आईनेच ठामपणे सांगायचं असतं, आणि डॉक्टर त्या बाजूला पेनने खूण करतात. २००८ साली जागतिक आरोग्य संघटनेने ऑपरेशनआधी तपासायची यादी काढली. त्यात पेशंट तोच आहे ना, जागा तीच आहे ना, हे प्रश्न आहेत. ती यादी जगभर लागू करावी लागली याचा अर्थ मोठमोठ्या ठिकाणीही चुका होतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा आरोग्यमित्र दवाखान्यात बसतो. आपलं ऑपरेशन त्या दवाखान्यात योजनेत बसतं का हे त्याला ऑपरेशनच्या दिवशी नाही, तारीख घ्यायला जाल त्या दिवशीच विचारा. रेशनकार्ड, आधार, बाळाचा जन्मदाखला सोबत ठेवा. योजनेचा फोन १५५३८८. सरकारी दवाखान्यात एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाला जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात तपासणी, औषध, येणं-जाणं फुकट आहे. तिथे कुणी बाहेरून औषध आणायला सांगितलं तर चिठ्ठी मागा.

मग बाळाच्या अंगावरचं सगळं उतरवलं. वाळे, गळ्यातला दोरा, कमरेचा करदोटा, डोळ्यांतलं काजळ. करदोटा कापताना आत्याबाई अस्वस्थ झाल्या. मी काही बोलले नाही. माझ्याच घरात बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या सासूबाईंनी नातवाच्या कमरेला काळा दोरा बांधला होता आणि तो मी अशाच एका सकाळी कापला होता.

ते २००६ सालचं. माझा मुलगा नऊ महिन्यांचा, त्यालाही हेच. तोवर मी शेकडो बाळं आयांच्या हातातून घेऊन थिएटरच्या आत नेली होती. "द्या इकडे, काही होत नाही" असं म्हणून. त्या दिवशी माझ्या हातातून घेतलं गेलं. त्याने माझ्या पदराचा काठ मुठीत धरला होता. सिस्टरने एकेक बोट सोडवलं. दार बंद झालं आणि मी पहिल्यांदा त्या दाराच्या बाहेरच्या बाजूला उभी राहिले. मला सगळं माहीत होतं. आधी तोंडावर मास्क, मग शीर, मग पाठीच्या खालच्या टोकाला एक इंजेक्शन म्हणजे कमरेखालचा भाग काही तास बधिर राहतो. जांघेच्या घडीत दोन सेंटिमीटरचा छेद, आतली ती पिशवी वेगळी करायची, मुळाशी बांधायची, वर विरघळणारे टाके. मोठ्या माणसांसारखी जाळी बाळांत बसवत नाहीत. मी हे सगळं मनात म्हणत होते आणि माझं पोलकं दुधाने भिजत होतं. पाजायची वेळ झाली होती. शरीराला थिएटरचं दार कळत नाही.

पन्नास मिनिटांनी आतून रडणं आलं आणि मला ते ओळखता आलं. आणलं तेव्हा तो माझ्याकडे बघतच नव्हता. अंग ताठ, डोळे भलतीकडे, ओरडत होता. नर्स असूनही माझ्या पोटात गोळा आला. भुलेतून उठताना काही बाळं असं करतात. वीस-पंचवीस मिनिटांत उतरतं. हे मी इतक्या आयांना कधी आधीच सांगितलं नव्हतं. त्या सगळ्या घाबरल्या असतील. चाळीस मिनिटांनी तो प्यायला आणि झोपला.

दहा वाजता या बाळाला आत नेलं. बाहेर बाकावर आम्ही चौघं. आत्याबाईंनी तोच प्रश्न विचारला जो प्रत्येक आजी विचारते: एवढ्याशा जिवाला भूल सोसते का? पुढे डोकं मंद तर होत नाही ना? हा प्रश्न डॉक्टरांनाही पडला होता. म्हणून सात देशांतल्या २८ दवाखान्यांत ७२२ बाळांचा अभ्यास झाला. बहुतेकांचं ऑपरेशन हेच, जांघेच्या हर्नियाचं. निम्म्यांना पूर्ण भूल, निम्म्यांना फक्त कमरेखाली बधिर करून. पूर्ण भूल सरासरी तासाभरापेक्षा थोडी कमी होती. ही मुलं पाच वर्षांची झाल्यावर त्यांची बुद्धी तपासली. २०१९ साली निकाल आला: दोन्ही गटांत फरक नाही. लांबलचक किंवा पुन्हा पुन्हा दिलेल्या भुलेबाबत डॉक्टर सावध असतात, पण एकदाच, तासाभराची भूल घ्यायला घाबरायचं कारण नाही. आत्याबाईंनी हे ऐकलं आणि म्हणाल्या, "मंग ठीक हाय." त्यांना आकड्यांपेक्षा कुणीतरी उत्तर दिलं याचंच बरं वाटलं असावं.

उलट भूल न देण्याचा काळ जास्त क्रूर होता. नवजात बाळाला दुखत नाही, त्याच्या नसा अजून पिकलेल्या नाहीत, अशी समजूत १९८० च्या दशकापर्यंत बऱ्याच बड्या डॉक्टरांची होती. कित्येक बाळांवर नुसतं हलू नये एवढं औषध देऊन ऑपरेशनं झाली. कंवलजीत सिंग आनंद या भारतीय वंशाच्या डॉक्टरने इंग्लंडमध्ये बाळांच्या रक्तातले बदल मोजून दाखवले. वेदनाशामक दिलेली बाळं ऑपरेशन चांगलं सोसतात हे १९८७ साली छापून आलं, तेव्हा मी दुसरीत होते. बाळाला दुखतं हे कुठल्याही आईला न मोजता माहीत होतं. तिला कुणी विचारलं नव्हतं.

आईला विचारणारा एक डॉक्टर मात्र त्याच्या बराच आधी होऊन गेला. ग्लासगो शहरात जेम्स निकोल नावाचे सर्जन होते. १९०९ साली त्यांनी आपल्या दहा वर्षांचा हिशेब मांडला: मुलांची ८,९८८ ऑपरेशनं, आणि ती सगळी त्याच दिवशी घरी पाठवलेली. हर्निया त्यात होताच. मुलं गिरणी-गोदीच्या शहरातल्या गरीब घरांतली. निकोल यांचं म्हणणं असं की अंगावर पिणारं बाळ आईपासून तोडून वॉर्डात ठेवण्याने भलं होत नाही, आईच त्याची उत्तम नर्स, आणि आमच्या नर्सने तिच्या घरी जाऊन जखम पाहावी. घर फार लांब असेल तर आईने बाळाला घेऊन राहावं म्हणून त्यांनी दवाखान्याजवळ एक लहानसं घरही ठेवलं होतं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते घर फार आवडलं. आमच्या बाया सोलापूर-लातूरच्या दवाखान्यांबाहेर जिन्याखाली चादर टाकून झोपतात. इंग्लंडात पुढे पन्नास वर्षं आईबापांना वॉर्डातून लांबच ठेवलं गेलं, काही ठिकाणी आठवड्यातून एकदाच भेट. १९५९ च्या प्लॅट समितीने सांगितलं की मुलाजवळ आई असू द्या. आजही आपल्या काही वॉर्डांत "बाहेर थांबा" हेच पहिलं वाक्य असतं. तुम्ही विचारा, "शुद्धीवर आल्या आल्या मला आत घेता का?" बऱ्याच ठिकाणी घेतात.

पावणेअकराला बाळ बाहेर आलं. रडत, आईला न ओळखता, तसंच. तिला मी आधी सांगून ठेवलं होतं, त्यामुळे ती घाबरली नाही. नवरा घाबरला. अर्ध्या तासाने बाळाने दूध घेतलं. दुपारी लघवी झाली, लंगोट ओलं झालं तेव्हा आत्याबाईंनी टाळी वाजवली. पूर्ण दिवसांचं, तब्येतीचं बाळ अशा ऑपरेशननंतर त्याच संध्याकाळी घरी जातं. दिवस भरण्याआधी जन्मलेलं आणि अजून फार लहान असेल तर एक रात्र ठेवून घेतात, कारण भुलेनंतर अशा बाळाचा श्वास मध्येच थांबू शकतो. बाळ किती महिन्यांचं जन्मलं हे म्हणून लपवायचं नसतं. सर्दी, खोकला, ताप असेल तर तोही लपवायचा नसतो. दोन-तीन आठवडे पुढे जाईल, पण आजारी फुप्फुसावर भूल नको.

घरी जाताना पॅरासिटामॉल देतात. यात एक घोटाळा मी वारंवार पाहिला आहे. बाळाच्या ड्रॉप्समध्ये साधारण एका मिलीत १०० मिलिग्राम औषध असतं. साध्या सिरपमध्ये ५ मिलीत १२५. म्हणजे ड्रॉप्स चौपट तेज. ड्रॉप्स संपले म्हणून गावच्या मेडिकलमधून सिरप आणलं आणि तेवढंच दिलं तर दुखणं थांबत नाही. उलट सिरपच्या चमच्याने ड्रॉप्स पाजले तर जिवावर बेततं, यकृत बिघडतं. बाटली दाखवून किती मिली ते विचारा, ड्रॉपरवर पेनने रेघ मारून घ्या, दोन डोसांत सहा तास जाऊ द्या. ॲस्पिरिन बाळाला द्यायची नाही. पिशवी काही दिवस सुजलेली दिसते, ते चालतं. ताप आला, जखम लाल झाली, पू आला, उलट्या थांबेनात किंवा गाठ परत दिसली तर परत यायचं. जखमेवर हळद, तेल, राख काही नाही.

साडेचारला सुट्टी मिळाली. ती फाईल आवरत होती तेव्हा शेजारच्या खाटेवर एक बाई येऊन बसली. तिच्या मुलीचं दुसऱ्या दिवशी होतं. तिने हळूच विचारलं, किती वेळ उपाशी ठेवलं होतं म्हणून. माझ्या आधी हिने उत्तर दिलं.

"नंबर कितवा हाय ते इचारून घ्या. आन मधी पाजलं तर सांगा. खवळत न्हाईत."

खवळणारे असतात, हे मला माहीत आहे. मी त्यांच्यातलीच होते. पण तिच्यापुरतं ते खरं होतं आणि मी मध्ये बोलले नाही.

एसटी मिळाली. बायांचं अर्धं तिकीट, बाळाचं काहीच नाही. तुळजापूर येईपर्यंत ते झोपलेलं होतं. सातव्या दिवशी ती परत येऊन जखम दाखवून गेली आणि त्याच आठवड्यात टोळी निघाली. जायच्या आधी मी तिच्याकडून फाईलची झेरॉक्स काढून घेतली. मूळ कागद तिने पत्र्याच्या पेटीत कपड्यांच्या खाली ठेवले. कारखान्याच्या गावाजवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र कोणतं, तिथली आशा कोण, हे मी दोन फोन करून शोधलं आणि नंबर फाईलच्या पाठीमागे मोठ्या अक्षरांत लिहून दिले. १०८ सगळ्यात वर.